मापाला नेलेली वायर

नवरा गेला त्याच वर्षी त्याचा टेप बिघडला. दुरुस्त करणारा म्हणाला, आतला पट्टा आता मिळत नाही. ॲम्प्लिफायर चांगला होता, पण टेपशिवाय तो नुसता कपाटावर बसून राहिला. मुलगा बेंगळूरला नोकरीला. रविवारी त्याचा फोन यायचा.

"जेवलीस?"

"व्हय."

"तब्येत?"

"बरी हाय."

पुढं दोघांनाही काही सुचायचं नाही. मी पहिल्यापासून कमी बोलणारी, आणि तो माझ्यावरच गेलाय.

एका दिवाळीत त्यानं वरच्या खोलीत कॉम्प्युटर आणि नेट बसवलं. बापाच्या आवडीची गाणी हुडकून त्यात भरली. जाताना म्हणाला, "आई, नेटवर्क प्लेअर म्हणून एक डबा मिळतो. वरची गाणी खाली बाबांच्या ॲम्प्लीवर लागतील. पण तो जुळला पायजे. इथल्याच दुकानातनं घे, म्हणजे न्हाय जुळला तर बदलता येईल."

तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला फोन यायला लागला.

"मागं भोकं कसली हायत?"

मी बॅटरी घेऊन ॲम्प्लीमागं डोकं घालायची. "गोल. आत पाच बारकी भोकं."

"लाल-पांढरी न्हाईत?"

"न्हाईत."

"नीट बघितलीस का?"

"कोळ्याचं जाळं पण बघितलं."

तो हसायचा. मीही हसायची. तो शाळेत जात होता तेव्हासुद्धा आमचं इतकं बोलणं होत नव्हतं. डबा लवकर मिळू नये असं मला वाटायला लागलं. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

पण तो विचारायचा, "गेलीस का दुकानात?" शेवटी जावं लागलं. मी ब्लाउज शिवते. बायका मापाला जुना ब्लाउज आणून देतात आणि त्यावरून मी नवा बेतते, तोंडानं माप कुणी सांगत नाही. तशीच मी टेपपासून ॲम्प्लीपर्यंतची वायर काढून पिशवीत घातली आणि शाहूपुरीतल्या दुकानात गेले. न बोलता काम होईल असं वाटलं होतं.

दुकानदारानं वायर उलटीपालटी केली. "मावशी, ही माझ्या लग्नाच्या आधीची हाय की!"

गिऱ्हाइकं हसली. माझे कान तापले.

"हिचं कुठलं टोक ॲम्प्लीत जातं? दोन्हीकडं पाचच काड्या. घरातलं नेट वायरचं का बिनवायरचं?"

मी वायरच परत त्याच्यापुढं सरकवली.

"वायर काय बोलतीय व्हय? ॲम्प्लीच आना उचलून."

संध्याकाळी मुलाला सांगितलं, तर तो खोकला येईपर्यंत हसला. "वायर मापाला नेलीस?" दुसऱ्या दिवशी त्यानं ते परत पहिल्यापासून सांगायला लावलं.

मग मी ॲम्प्लिफायर जुन्या लुगड्यात गुंडाळून रिक्षानं नेला. दुकानदारानं झाकण काढून आत बघितलं आणि चेष्टा करायची थांबला. "हातानं जोडलेला हाय. चांगलं काम हाय." त्यानं एक वायर करून दिली, एका टोकाला पाच काड्या, दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना. डबे दोन दाखवले. एकाला मागून नेटची वायर लावावी लागणार होती.

"आमच्या जिन्यातनं वायर घेता येत न्हाय," मी म्हणाले. "बिनवायरचा द्या."

"आता कसं बोललासा!"

संध्याकाळी सातला फोन आला. मी डबा जोडून बसले होते. डब्याच्या पडद्यावर नेटचा पासवर्ड घालायचा होता आणि मला इंग्रजी येत नाही.

"उभी काठी शोध. खाली उजवीकडं पोट आलेली."

"सापडली."

"आता नुसतं गोल."

"पुरतं गोल का फुटलेलं?"

"फुटलेलं."

असं एकेक अक्षर करत बराच वेळ गेला. मधे कुणीतरी त्याला हाक मारली, तर तो म्हणाला, "थांब जरा, आईबरोबर बोलतोय." शेवटचं बटण दाबलं. स्पीकर घुमला आणि गाणं सुरू झालं. त्यासरशी माझा हात पुढं गेला आणि मी आवाज बंद केला.

"लागलं का गं?"

"न्हाय," मी म्हणाले. "नुसतं खरखरतंय."

"हात्तिच्या! बरं, उद्या बघू. सातला करतो फोन."

त्यानं फोन ठेवला. मी आवाज थोडा वाढवला, शेजारी ऐकू जाणार नाही इतका, आणि उद्या त्याला काय बिघडलंय म्हणून सांगायचं याचा विचार करत गाणं ऐकत बसले.