मला गाडी लागते

स्कूटीवर मला काही होत नाही. परंड्याहून शाळेच्या गावापर्यंत रोज खड्ड्यांतून जाते, पोचल्या पोचल्या वर्गात उभी राहून पाढे सुरू करते. पण काचा लावलेली चारचाकी म्हटली की तालुक्याची हद्द ओलांडायच्या आत मळमळायला लागतं. मला गाडी लागते. सासरी हे मोठ्यांना माहीत आहे, पण त्यावर कुणी बोलत नाही. मीही नाही. चाळिशी ओलांडलेल्या मास्तरणीनं लेकरासारखं ओकावं, हे काय चारचौघांत सांगायचं?

गेल्या वर्षी उमरग्याला नणंदेच्या घराची वास्तुशांत होती. धाकट्या दिरानं नुकतीच नवी गाडी घेतलेली. जाऊ मदतीला आधीच पुढं गेली होती, म्हणून गाडीत आम्ही पाच जण. दीर, नवरा, मी, दहावीतली मुलगी आणि आठवीतला मुलगा.

निघताना दारात मुलगी मोठ्यांदा म्हणाली, "मम्मीला पुढं बसू दे ना. पुढं बसलं की तिला कमी होतं."

दीर काच पुसत होता. नवरा पुढच्या दाराशी उभाच होता. भावजयीनं दिराच्या शेजारी बसायचं आणि नवऱ्यानं मागं, याला आमच्याकडं कुणी मनाई केलेली नाही, पण तसं कुणी बसतही नाही. मीच घाईघाईनं म्हणाले, "काही नको. मी बसते मागं. तू गप बस."

"मग होईल तुला."

"काही होत नाही मला."

ती खांदे उडवून आत बसली. खिडकीवरून पोरांची भांडणं नकोत म्हणून मी मधे बसले. सीटवरचं प्लास्टिक दिरानं मुद्दामच काढलं नव्हतं. उन्हानं त्याचा वास सुटला होता आणि समोर एसीच्या जाळीला मोगऱ्याच्या अत्तराची बाटली लटकत होती. मी नुसत्या चहावर निघाले होते, पण बार्शीत दिरानं गाडी थांबवून सगळ्यांना आग्रहानं पोहे खायला लावले. "खावा वहिनी. उपाशीपोटीच त्रास होतो माणसाला." त्याचं मन मोडवेना. खाल्ले.

तुळजापूर मागं पडलं आणि माझे तळहात गार पडले. अशा वेळेसाठी पर्समधे मी कॅरीबॅग ठेवते. पर्स आहेराच्या पिशवीत, पिशवी डिकीत. दीर गाडीच्या मागच्या कॅमेऱ्याचं कौतुक सांगत होता. मुलीनं माझ्याकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "होतंय का?" मी मान हलवली. नाही.

गाडी थांबवा, एवढंच म्हणायचं होतं. वर्गभर पोरांवर ओरडणाऱ्या माझ्या गळ्यातून ते निघेना. दिराचं बोलणं संपू दे, मग सांगू, असं मी मनाशी म्हणत राहिले. ते संपलं तोवर नवऱ्यानं आणखी काहीतरी विचारलं. मग फार उशीर झाला. मी पदर तोंडावर दाबला, पण पदरात काय मावणार? मांडीवरून, प्लास्टिकवरून घरंगळत सगळं मुलाच्या अंगाखाली गेलं. वास्तुशांतीसाठी घेतलेला त्याचा पांढरा शर्ट एका बाजूनं भरला.

"शी! मम्मी!" तो दाराला चिकटून ओरडला.

"सांगायला काय झालं होतं?" नवरा मागं वळून म्हणाला. "तोंड नव्हतं का?"

दीर "असू दे, असू दे, धुऊन निघतंय" म्हणत होता. त्याच्या हळू बोलण्यानं मला जास्तच मेल्यासारखं झालं. त्याच सकाळी त्यानं गाडीला नवी लिंबू-मिरची बांधली होती.

नळदुर्गच्या अलीकडं एका ढाब्यावर गाडी थांबली. बाजेवर जेवणारी ट्रकवाली माणसं हात थांबवून बघायला लागली. दिरानं पायपुसणी काढून पाइपखाली धरली. मी रेशमी साडीचा पदर पिळत तिथंच उभी. भाकरी थापणारी बाई उठून आली, तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि अगदी मायेनं, पण पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "लई तरास झाला व्हय? दिस-बिस गेलेत का बाई?"

मुलगी फिसकन हसली. नवऱ्यानं खिशातून मोबाईल काढला. दीर पायपुसणी घासतच राहिला, मान वर न करता. "न्हाय हो मावशी, मला गाडी लागते," मी म्हणाले, पण इतकं पुटपुटत की तिलाही ते ऐकू गेलं नसावं. ती हसून परत चुलीकडं गेली.

मुलगा ओल्या शर्टानं उभा होता. कान लाल. मग तो चालायला लागला. पलीकडं हैद्राबादकडची एक बस चहासाठी थांबली होती. तो त्या प्रवाशांत जाऊन उभा राहिला, मोबाईलमधे बघत, जणू त्यांच्यातलाच एक. दिरानं हॉर्न दिला तेव्हा सगळ्यात शेवटी आला आणि माझ्याकडं न बघता बसला. आता मी खिडकीशी होते, मुलगी मधे. दोघांची काहीतरी कुजबुज झाली. मी डोळे मिटून घेतले होते. त्या वेळी तेवढंच करता येत होतं.

उमरग्यात नणंदेनं तिची साडी दिली. गाडी का थांबली ते दिरानं जावेला सांगितलं असणार, जावेनं आणखी कुणाला. पूजेला बसलो होतो तर नणंदेच्या सासूबाईंनी माझा हात हातात घेतला. "उलटी झाली म्हणं? ह्या वयात? असू दे माय. देव देतो तवा देतो."

"तसं काही न्हाय, आत्या."

"व्हय व्हय," त्या म्हणाल्या आणि शेजारणीकडं बघून हसल्या.

मी जितकं नाही म्हणावं तितक्या बायका जास्त हसत होत्या. पंगतीत एकीनं माझ्या ताटातली पपईची फोड हळूच उचलून नेली. मला उठून जावंसं वाटलं. पण उठले असते तर त्याचाही अर्थ काढला असता.

मुलगा पंगतीत नव्हता. शोधत गच्चीवर गेले तर टाकीच्या सावलीत बसलेला.

"जेवायला चल."

"भूक नाही."

"शर्ट वाळला की तुझा."

तो हायवेकडं बघत होता. तिकडंच बघत म्हणाला, "कधी होणारे?"

"काय?"

"बाळ."

मला कळेचना. कळलं तेव्हा हसू येण्याआधी अंगावर काटा आला. "कोण म्हणालं तुला?"

"त्या ढाब्यावरच्या बाईचं बोलणं मला कळलं नव्हतं. दीदीनं सांगितलं गाडीत. आणि खाली तर सगळ्याच म्हणतायत."

"अरे, मला गाडी लागली. लहानपणापासून लागते. एवढंच."

"पण तूच म्हणालीस ना, काही होत नाही मला? गाडीत दीदीनं विचारलं तेव्हापण नाही म्हणालीस." त्याचा आवाज फाटला. "मग मला वाटलं, दुसरंच काहीतरी असणार."

ढाब्यापासून इथवर हे पोर तो विचार घेऊन बसलं होतं, वर्गात कोण काय म्हणेल ते मोजत.

"म्हणजे नाही ना?"

"नाही रे."

त्यानं बाहीला नाक पुसलं. मग खाली बघत म्हणाला, "मी त्या बसपाशी जाऊन उभा राहिलो. तू बघितलंस?"

"बघितलं."

"सगळे बघत होते गं."

"हो. माझ्याकडंच बघत होते."

तो रडला. मीही. खालून कुणीतरी आहेरासाठी हाका मारत होतं. आम्ही तोंडं धुतली आणि उतरलो.

मुलीला मी जिन्यात गाठलं. "गंमत केली मी," ती म्हणाली. "त्याला खरं वाटलं तर मी काय करू?" मी नुसती बघत राहिले तशी ती वरमली. पण जाता जाता म्हणालीच, "आणि मी सकाळी सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी परत निघालो. जाऊ अजून तिथंच राहणार होती. मी नवऱ्याच्या आधी पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिले. तोंड तापल्यासारखं झालं होतं. "भाऊजी, मी पुढं बसू का? मला गाडी लागते."

"बसा की वहिनी," दीर म्हणाला. "आधीच सांगायचं न्हाय का?" पण त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. नवरा मागं जाऊन बसला. दारातून नणंदेच्या सासूबाई ओरडल्या, "जप गं माय!" मुलीनं ओठ दाबून हसू आवरलं.

पुढं बसून फार फरक पडला असं नाही. तुळजापूर यायच्या आधीच पोट ढवळायला लागलं. या वेळी मी म्हणाले, "थांबवा." आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला, दिरानं दचकून ब्रेक मारला. मी उतरून बाभळीशी गेले, वाकले.

मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मुलगा पाण्याची बाटली घेऊन माझ्यामागं येऊन उभा राहिला, माझ्याकडं पाठ आणि रस्त्याकडं तोंड करून. एक जीप हळू झाली, आतल्या माणसांनी माना बाहेर काढल्या. तो मान खाली घालून उभा राहिला, पण हलला नाही.

"झालं?" त्यानं न वळता विचारलं.

"थांब अजून."

"हां."

त्यानं हात मागं करून बाटली माझ्यापुढं धरली. मी चूळ भरली. लाज वाटतच होती. रस्ता अजून बराच होता.