तळ्याकाठचे उन्हाळी बंगले आणि मधला खांब

आमच्याकडं घर फुटात मोजत नाहीत, खणात मोजतात. दोन खांबांच्या मधली जागा म्हणजे एक खण. कुणी विचारलं घर केवढं, तर पाच खण, नऊ खण असं सांगायचं. हल्लीचे इंजिनिअर हे ऐकून हसतात. हसू द्या. खांब मोजणाऱ्याला घर कशावर उभं आहे ते ठाऊक असतं.

लातूरबाहेर तळ्याच्या काठाला पाच उन्हाळी बंगले होते. निजामाच्या काळात धान्याच्या व्यापाऱ्यांनी बांधलेले. चैत्र संपला की गावातली बिऱ्हाडं तिथं यायची आणि मृग निघाला की परत जायची. आमचे वडील सुतार. बिऱ्हाडं येण्याआधी बंगल्यांची डागडुजी करायचं काम त्यांचं आणि मी त्यांच्या हाताखाली.

बंगले दिसायला साधे होते, पण बांधणाऱ्याला डोकं होतं. छातीएवढं जोतं. पश्चिमेकडं उन्हाच्या बाजूला एकही खिडकी नाही. पूर्वेला तळ्याकडं तोंड करून लांब ओसरी, पाण्यावरचा वारा सरळ आत यावा म्हणून. वर माळवद, म्हणजे लाकडी कडीपाटावर हातभर पांढरी माती. ती भर वैशाखातही तापत नसे. पण खरी करामत खांबांची. सागवानी खांब दगडावर उभे, त्यांच्यावर तुळया, आणि सगळं माळवद त्या तुळयांवर. भिंत नुसती आडोशाला. वडील प्रत्येक खांबावर थाप मारून म्हणायचे, "भिंत पडली तरी घर उभं ऱ्हायला पायजे. न्हाई ऱ्हायलं तर सुतार कशाला म्हणायचं?"

एवढं शिकूनही मी आयुष्यात एक खांब काढला. बहीण औशाकडच्या खेड्यात दिलेली. तिच्या घरात नवीन लोखंडी कपाट आलं, ते ठेवायला मधला खांब आडवा येत होता. वडील तेव्हा गेलेले होते. मी खांब काढला आणि तुळईचं टोक भिंतीवर टेकवलं. तेव्हा सगळेच तसं करायचे. दगडाची अडीच हात जाडीची भिंत, तिला काय धाड भरतेय, असं आम्हाला वाटायचं. कुणाच्या सांगण्यावरून काढला ते सोडा. करवत माझ्या हातात होती.

गणपती बुडवले आणि दुसऱ्या पहाटे भूकंप झाला. बहिणीच्या घराच्या बाकीच्या खणांत खांब उभे होते, तिथली माणसं खरचटून बाहेर आली. कपाटाच्या खोलीत भिंत फुटली आणि तुळई खाली आली. तिथं माझी भाची झोपली होती. पहिलीत होती.

पुढं चार दिवसांनी मी तळ्यावर गेलो. भिंतींना तडे गेले होते, एका बंगल्याची मागची भिंत सगळीच ढासळली होती. पण पाचही माळवदं जागच्या जागी. मी ओसरीवर बसलो आणि मला माझीच शिसारी आली. तेव्हापासून कानाला खडा लावला. काहीही करीन, पण खांबाला हात लावणार नाही.

मेहुणे नंतर दोन वर्षांत गेले. बहीण माझ्याकडं लातूरला राहायला आली. एका ताटात जेवलो, पण त्या खोलीचं नाव दोघांनीही कधी काढलं नाही. ती माझ्याशी कमी बोलायची. मला वाटायचं, बरोबरच आहे, माझ्याशी कशाला बोलेल?

मग लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं. कुठून कुठून पोरं यायला लागली, गाव तळ्यापर्यंत सरकलं. चार बंगले पाडले गेले. उरलेल्या एकात मालकाच्या नातवानं मुलींचं वसतिगृह काढलं आणि स्वयंपाकाला माझ्या बहिणीला ठेवलं. एक दिवस त्यानं मला बोलावलं.

"मामा, दिवाणखान्यातले मधले चार खांब काढायचेत. कॉटा बसत नाहीत. तुळया भिंतीवर टेकवा."

"न्हाई जमायचं."

"अहो, भूकंप काय रोज येतो का?"

उचलली जीभ लावली टाळ्याला! माझं टाळकंच सटकलं. "रोज कशाला यायला पायजे? एकदा आला की भागतंय! तू दुसरा सुतार आण, पण हितं झोपणाऱ्या पोरींच्या आईबापाला आधी सांग. मी असा एक खांब काढलाय. त्याच्यापायी माझी भाची गेली. मी मारली तिला!"

बोलून गेलो तेव्हा लक्षात आलं, बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात पिठानं भरलेले.

ती मालकाच्या नातवाकडं बघत नव्हती, माझ्याकडंच बघत होती.

"तू कुठं काढलास, दादा?" ती म्हणाली. "तू तीनदा न्हाई म्हणला होतास. मीच रुसून बसले. दोन दिस जेवले न्हाई, म्हणून काढलास. मला वाटायचं, तू मनात त्येच धरून बसलायस. म्हणून बोलत न्हाईस."

"मी? मला वाटलं तू..."

नातू खाली मान घालून उभा होता. "राहू द्या खांब," तो हळूच म्हणाला. "मुली कमी घेऊ."

तो गेल्यावर बहीण तिथंच खाली बसली आणि रडायला लागली. इतक्या वर्षांत ती माझ्यासमोर कधी रडली नव्हती. मी तिला गप हो म्हणालो नाही. माझंच कुठं थांबत होतं.