एकाच पत्त्यावर पाठवलेली नोटीस

बेळगावच्या न्यायालयात मी पस्तीस वर्षे वकिली केली आणि त्याहून अधिक काळ पत्रे लिहिली. सातबाराचा उतारा मराठीत का मिळत नाही, बसवरची पाटी मराठीत का नाही, असे मी नगरपालिकेला, जिल्हाधिकाऱ्यांना, संपादकांना विचारत आलो. त्यांतले एकही पत्र मला मागे घ्यावेसे वाटत नाही. ज्या पत्राची मला लाज वाटते ते मी २०१८ साली आयर्लंडमध्ये, लिक्सलिपला मुलाच्या घरी बसून लिहिले आणि त्याच्याच प्रिंटरवर छापले.

मुलगा तिथल्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात अभियंता. सून टेक्सासमधल्या नदीकाठच्या एका गावातली. वडील अमेरिकन, आई नदीपलीकडची, मेक्सिकोची. शाळेत असताना तिला 'अर्धी' म्हणत. मोठेपणी विद्यापीठात सीमाभागांचा अभ्यास हाती आला आणि आपल्यासारखी माणसे जगभर आहेत हे तिला कळले. लग्नानंतर मराठी शिकली तेव्हा मलाही सांगायची, "बाबा, मी अर्धी-अर्धी नाही. दोन्हीकडची पूर्ण आहे." आयर्लंड आणि ब्रिटनकडे असलेले उत्तर आयर्लंड यांच्यामधल्या सीमेवर ती प्रबंध लिहीत होती. युरोपीय संघ सोडण्याच्या ब्रिटनच्या मतदानानंतर त्या विषयाला एकाएकी मोल आले होते. ज्यांचे घर एका देशात आणि गोठा दुसऱ्यात, अशा शेतकऱ्यांना भेटून ती चिखलाचे बूट घालून परत येई. एका प्रकरणात मात्र तिला इतर सीमांवरची माणसे हवी होती. पहिली ती स्वतः. दुसरा मी.

मी संमतीपत्र दोनदा वाचून सही केली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने रेकॉर्डर ठेवला.

"तुमची मातृभाषा?"

"मराठी."

"आईची?"

"मराठी," मी म्हणालो. साक्षीदाराला मी नेहमी बजावत असे तसे थोडक्यात, आणि खोटे.

माझी आई धारवाडकडची कानडी. वडिलांशी मराठी बोलायची, माझ्याशी कानडी. मराठीसाठीच्या मोर्च्यात पुढे चालणाऱ्याला अशी आई परवडत नव्हती, म्हणून ती गेल्यावर मी तिची भाषाही मिटवली. तसा माझा समज होता. मुलाखत चालू असताना तीन वर्षांची नात झोपेतून उठून आली आणि तिने मला जिन्याकडे ओढले. तिचा हात धरून मी एकेक पायरी चढवू लागलो: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. माझ्या लक्षातही आले नाही. दार उघडे होते आणि रेकॉर्डर चालू.

महिन्याभराने सुनेने छापील प्रकरण माझ्या हाती दिले. चेहरा फुललेला. "बाबा, जिन्यावरचे आकडे कानडी आहेत, मी शोधून काढले. तुम्ही माझ्यासारखेच मोजता. मीही आईच्या भाषेत मोजते. सगळे वाचा हं, मग सांगा."

मी सगळे वाचले नाही. चौथ्या पानावर माझे 'मराठी' हे उत्तर होते आणि त्याखालीच जिन्याची नोंद. तिने टीका केली नव्हती, उलट फार मायेने लिहिले होते. मला मात्र उलटतपासणीत पकडले गेल्यासारखे झाले. विरुद्ध पक्षाचा कागद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मी कधी उत्तर दिले नव्हते. त्या दिवशी दिले.

पत्र तिच्या मार्गदर्शकांना होते. मी संमती काढून घेत आहे. ध्वनिमुद्रण आणि माझा प्रत्येक उल्लेख नष्ट करावा. आणि शेवटचे कलम, ज्याचा मला त्या वेळी अभिमान वाटला: माझ्या यानंतरच्या कोणत्याही उलट विधानाची दखल घेऊ नये. प्रत सुनेला, रजिस्टर पोस्टाने. तिसऱ्या दिवशी पोस्टमन आला तेव्हा घरात मी एकटाच होतो. तिच्या नावाचे पाकीट मीच सही करून घेतले आणि तिच्या टेबलावर ठेवले.

संध्याकाळी मुलगा ते हातात घेऊन माझ्या खोलीत आला.

"बाबा, तुम्ही घरातल्या घरात नोटीस पाठवलीत?"

"रीतसर पाठवली."

"पोस्टाने? ती शेजारच्या खोलीत झोपते."

"तोंडी बोलण्याला पुरावा नसतो."

"पुरावा कशाला हवाय तुम्हाला? ती काय केस लढतीये तुमच्याशी?" मग खालच्या आवाजात म्हणाला, "तिचं सबमिशन सहा आठवड्यांवर आलंय."

सून रोजच्यासारखी वागत होती. जेवायला वाढत होती, पोळी गरम आहे ना विचारत होती. विद्यापीठाने माझ्या पत्राचे तंतोतंत पालन केले. प्रकरणात तिची हकिगत आणि माझी एकमेकींत इतकी विणलेली होती की माझी उसवल्यावर तिची उभी राहीना. तिने ते पूर्ण प्रकरण काढले.

छापील प्रत माझ्याकडेच राहिली होती. उरलेली पाने मी तेव्हा वाचली. पाचव्या पानावर ती नऊ वर्षांची आहे. आई शाळेच्या फाटकाशी डबा घेऊन उभी आहे आणि मैत्रिणी विचारतात, ही कोण. ती सांगते, आमच्याकडे काम करणारी बाई. आईला ते ऐकू गेले होते. पुढे लिहिले होते की हे तिने आजवर कोणाला सांगितले नव्हते. सासरे जिना मोजताना ऐकले, आणि सांगावेसे वाटले.

मी विद्यापीठाला दुसरे पत्र लिहिले. सौजन्याने उत्तर आले: ध्वनिमुद्रण नष्ट केले आहे, आणि आपल्याच सूचनेनुसार या पत्राची दखल घेता येत नाही. कलम चांगले लिहिले गेले होते. त्यात पळवाट नव्हती.

२०१९ मध्ये प्रबंध मान्य झाला, एका प्रकरणाने लहान. त्या आठवड्यात मी आईविषयी पाच पानांचे निवेदन तयार केले, खाली सही केली आणि सुनेला दिले. तिने ते ओट्याशी उभी राहून वाचले.

"बाबा, परिच्छेदांना नंबर का दिलेत?"

"सवय."

"ही तुमची आई आहे. तुम्ही तिला 'सदर महिला' म्हटलंय." ती थोडे हसली. "जेवायला कशी हाक मारायची ती तुम्हाला?"

निवेदनात ते नव्हते. मी खुर्ची ओढून बसलो. मग मी म्हणालो, "ऊटक्क बारो." पन्नास वर्षांनी, मोठ्याने.

तिने मान हलवली. टेबलावर तिची वही होती, पेन होते. ती ते घेईल म्हणून मी थांबलो. तिने माझी पाच पाने नीट जुळवून मला परत दिली आणि पोळ्या लाटायला घेतल्या.