मँगनीज आलं की थांबायचं

कॉलेजच्या ग्राउंडवर मी तीस वर्षं फक्की मारली. ती पांढरी भुकटी कितीही झटकली तरी कपड्याच्या शिवणीत राहतेच. किस्से तसेच राहिलेत. सांगायला बसलो की लोक हसतात. मीही हसतो. एका ठिकाणी मात्र हसू येत नाही. तेही सांगतो.

*

दत्ता जळकोटचा. दहा हजार मीटर पळायचा. पहिल्या एसटीनं येऊन पळायचा अन् लगेच इंग्रजीच्या तासाला बसायचा. बसला की झोपायचा. एकदा मॅडमनी खडू फेकून मारला. "दत्ता, झोपतोस?"

"न्हाय मॅडम, रिकव्हरी चालू हाय!"

मॅडमनी त्याला बाहेर काढलं. तो खुशीत ग्राउंडवर आला अन् लिंबाखाली उरलेली रिकव्हरी केली!

त्या वर्षी त्याचा इंग्रजीचा पेपर राहिला. मी त्याला उठवून तासाला धाडायला पाहिजे होतं. पण झोपलेलं लेकरू उठवायचं माझ्या जिवावर येतं.

*

शाहीन ढोकीची. वडील कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायचे. ती बी.एस्सी. करत होती अन् पाच हजार मीटर पळायची. आमचा ट्रॅक दोनशे मीटरचा, म्हणजे पंचवीस फेऱ्या. त्या मोजायचं काम माझं. डाव्या खिशात पंचवीस चिंचोके ठेवायचे, फेरी झाली की एक उजव्या खिशात टाकायचा.

शाहीन पळता पळता केमिस्ट्री पाठ करायची. एका फेरीला एक मूलद्रव्य. माझ्यासमोरून जाताना ओरडायची, "हायड्रोजन, मामा!" पुढच्या फेरीला, "हेलियम!"

एकदा माझा डावा खिसा फाटला. चिंचोके गळाले अन् एकविसाव्या फेरीलाच खिसा रिकामा. मी हात वर केला, "झालं, थांब!"

ती न थांबता ओरडली, "कुठं झालं मामा? अजून मँगनीज यायचंय!"

माझी शाळा चौथीपर्यंत. पण पंचविसावं मँगनीज, हे मला कधीही विचारा.

तिला मोजायची खोडच होती. एकदा सांगू लागली, "स्टँडपासून ग्राउंड अकराशे चाळीस पावलं, मामा. काल अकराशे बेचाळीस भरली होती."

"मग आज दोन कुठं गेली?"

"काल कुत्रं आडवं आलं होतं!"

*

एकदा तिचे वडील रिकाम्या ट्रॉलीसकट कॉलेजवर आले. खेळाच्या सरांना म्हणाले, "सर, पळून मार्क भेटतात म्हणं?"

"भेटतात की. युनिव्हर्सिटीला गेली तर ग्रेस मार्क."

"मग पोरगी पुस्तक घिऊन कशाला पळायलीय वो?"

जाताना तिच्या वडिलांनी मला बाजूला घेतलं. "मामा, तिचं शेवटचं वर्ष हाय. औंदा टीममधी आली तर पळंल, न्हाय आली तर पळणं बंद. तसं ठरलंय आमचं. जरा लक्ष ठेवा."

व्हय म्हणालो.

*

त्याच वर्षी पावसाळ्यात स्टोअररूममधल्या उंदरानं माझी दोरी कुरतडली. ट्रॅकच्या दोन्ही टोकांचे अर्धगोल मी त्या दोरीनं आखायचो. मधे खुंटी ठोकायची अन् दोरी ताणून फिरायचं. तुटली तिथं मी दुसरा तुकडा गाठ मारून जोडला. टेप मागितला नाही, अंदाजानं जोडला. इतक्या वर्षांचा अंदाज!

टीमच्या ट्रायलच्या दिवशी सर सगळ्यांसमोर म्हणाले, "मामांची फक्की म्हणजे टेप! चुकली तर मामांना घरीच बसवतो." पोरं हसली. मी रोजंदारीवर होतो. मीही हसलो.

शाहीनला एकवीस मिनिटांच्या आत यायचं होतं. बारा सेकंद जास्त लागले. दत्ताचंही टायमिंग घसरलं, पण तो टीममध्ये आला. सर त्याला म्हणाले, "झोप कमी कर!"

आठवड्यानं शाहीनची परत ट्रायल घेतली. नऊ सेकंद जास्त.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. माझ्या खांद्यावरच्या दोरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ठीक आहे, सर," म्हणाली. बूट काढून माझ्या हातात दिले. "मामा, कुणा पोरीला होत असतील तर द्या."

*

पुढच्या वर्षी नवे सर आले. त्यांनी टेप धरला अन् म्हणाले, "मामा, हा तर दोनशे सहा मीटर भरतोय."

एका फेरीला सहा मीटर जास्त. पंचवीस फेऱ्यांना दीडशे. मी मातीत काडीनं तीनदा मांडून बघितलं. दीडशे मीटर पळायला त्या पोरीला अर्धं मिनिट तरी लागायचं.

सर म्हणाले, "होतं असं, मामा." रागावले असते तर बरं झालं असतं.

*

मागच्या थंडीत शाळांच्या स्पर्धा आमच्या ग्राउंडवर होत्या. मी आता कामावर नाही, नुसता बघायला गेलो होतो. येडशीहून एक मॅडम पोरी घेऊन आल्या. बघतो तर शाहीन! शाळेत विज्ञान शिकवते. तिला मॅडम म्हणावं का पोरी, मला कळेना.

तिला लिंबाखाली नेलं. उंदीर, दोरी, गाठ, दोनशे सहा, सगळं सांगितलं. इतकं सलग मी जन्मात बोललो नव्हतो.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला माहीत होतं, मामा."

"कधीपासून?"

"पहिल्या ट्रायलपासून. फेरीला पावलं वाढली होती."

"मग बोलली का न्हाईस, पोरी? दुसऱ्यांदा पळायच्या आधी तरी?"

तिनं ओढणी कमरेला बांधली. पोरींना रेघेवर उभं केलं. शिट्टी तोंडाजवळ नेली अन् माझ्याकडं वळली.

"मामा, चिंचोके आणलेत का?"