उंबऱ्याच्या आतली गोष्ट

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे बाज आवळणं. रविवार होता, कापसाच्या जिनाला सुट्टी. दावण, म्हणजे पायथ्याचा दोर, इतकी ढिली पडली होती की झोपलं की माणूस झोळीत घातल्यासारखा मधोमध जायचा. माझी बायको गिरजा पायथ्याशी बसून दोर ओढत होती आणि मी धरत होतो. म्हणजे धरतो आहे असं मला वाटत होतं. दोर घडीघडी सुटत होता, कारण माझं लक्ष मुडद्यात होतं.

“अजी, तो मुडदा खाली ठेवा अन् दोर धरा,” ती म्हणाली.

कोणी घाबरू नये. मुडदा गोष्टीतला होता.

मूर्तिजापूरच्या एका जिनात मी जन्मभर हमाली केली. पाठ गेली तेव्हापासून तिथंच फाटकावर बसतो. शाळा दुसरीपर्यंत. तिसरीत मास्तर मला कंटाळला की मी मास्तरला, हे आता आठवत नाही. पण एक कला आपल्याजवळ आहे असा मला मोठा भरम होता. दुपारच्या सुट्टीत सरकीच्या ढिगाआड सगळे भाकरी खायला बसले की मी मुडद्यांच्या गोष्टी सांगायचो. मसणातून उठणारे, दात विचकून माणसांच्या मागं लागणारे मुडदे. आधी एकच उठायचा. लोक भिईनासे झाले तसे मी वाढवत गेलो. शेवटी अख्खं मसण उठून स्टेशनावर यायचं आणि छोट्या गाडीचे डबे भरभरून मुडदे गावोगाव जायचे. तिकीट कोण काढायचं, ते मलाही माहीत नव्हतं.

गिरजा त्याच जिनात कवडी वेचायची, म्हणजे कापसातली किडकी, पिवळी बोंडं बाजूला काढायची. माझी गोष्ट ऐकताना बाकीच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. ही मान खाली घालून भाकरी खायची. एक दिवस सगळ्यांसमोर तिनं विचारलं,

“ते मुडदे मानसाच्या मांगं काहून लागून राह्यले?”

“काहून म्हंजे? मुडदे हायेत ते!”

“मंग त्याइले दुसरं काई काम नाई?”

मी दात विचकून दाखवले. तिनं ते पाहिले, आणि म्हणाली, “हा म्होरचा मुडदा जित्तेपनी कोन होता? बायको हाये का त्याले?”

पोत्यानं मुडदे उठवले होते, पण एकालाही बायको द्यायचं मला सुचलं नव्हतं. बायका सुट्टी संपल्याचा भोंगा होईपर्यंत हसत राहिल्या. घरी जाताना गिरजा म्हणाली, “तुमच्या गोष्टीत मुडदे लय, मानूस एकई नाई. भेव कोनाचं वाटावं? वळखीचा असला त वाटते.”

“मंग तूच सांग ना,” मी रागानं म्हटलं. तिनं ते खरंच मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं गोष्ट सांगितली. तिचा मुडदा एकच. साप चावून मेलेला तरणाबांड माणूस, सरणावरून उठून घराकडे निघालेला. मला वाटलं, आता येतो. पण घरात त्याची बायको भाकरी थापत होती आणि सासू तिला बोलत होती, की दुरडीत एक भाकर जास्त काहून ठेवली? मेलेल्याच्या वाट्याची ती एक भाकर, आणि तिच्यावरून सासूसुनेचं भांडण. आमचे हमाल कंटाळून ओरडले, “भाबी, मुडदा कवा येते?”

“येईन. घरचं आवरू द्या आंधी.”

भोंगा झाला तेव्हा मुडदा अजून शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच होता. पण त्या दुपारी दोन बायका रडल्या. माझं अख्खं मसण उठलं तेव्हा कोणी डोळा पुसला नव्हता. मी असा जळलो की काही विचारू नका. मुडदा नसलेली मुडद्याची गोष्ट म्हणजे मिरची नसलेला ठेचा, असं मी संध्याकाळपर्यंत ज्याला त्याला सांगत फिरलो.

शेवटी कापसाच्या गाठी बांधणाऱ्या रहीमभाईनं वाद मिटवला. “उस्ताद, तुम्हारे में सिर्फ मुर्दा, भाभी के में सिर्फ घर. आधा-आधा करो ना.”

तेव्हापासून वाटणी झाली. उंबऱ्याबाहेरचं माझं, आतलं तिचं. धुऱ्यावरून, नाल्यातून, कुत्र्यांच्या भुंकण्यातून मी मुडदा दारापर्यंत आणायचा, कडी वाजवायची, आणि पुढचं तिनं घ्यायचं. मला मात्र दम निघत नसे. एकदा मी मुडद्याचा हात खिडकीतून आत घातला. ती लगेच म्हणाली, “हात बाहीर घ्या. खिडकी माह्या हद्दीत हाये.” रहीमभाईनं तिच्या बाजूनं निकाल दिला.

छप्पन सालानंतर, वस्तीनं दीक्षा घेतल्यावर, वस्तीतले मास्तर घरी आले. “गिरजाबाई, देव सोडले अन् मुडदे कशाले ठेवता?” मी पाण्याचा लोटा आणायच्या निमित्तानं मागच्या दारी सटकलो. गिरजा म्हणाली, “मास्तर, मुडदा उठत नाई हे आमाले ठावं हाये. उठत असता त गोष्ट काहून केली असती?”

मास्तर जायला उठले. मग हळूच म्हणाले, “बरं, ती सून दार उघडते का मंग?”

तेच तर गिरजा कोणाला सांगत नव्हती. कडी वाजते, सासू म्हणते उघडू नको, सून उठते, कडीला हात लावते, आणि भोंगा होतो. वर्षानुवर्षं तिनं भोंगा बरोबर साधला. एका घरात राहून मलाही कधी सांगितलं नाही. त्या रविवारी बाज आवळताना मी तेच विचारत होतो.

“उघडलं त गोष्ट सरते,” ती म्हणाली, “नाई उघडलं त तो बिचारा बाहीर मरते. दोर धरा.”

बाज ताठ झाली. तिनं हातानं दाबून पाहिली. दुपारी भांडी घासता घासता म्हणाली, “मले कसंतरी होऊन राह्यलं,” आणि भिंतीला टेकून बसली. डॉक्टर येईपर्यंत गेली. मुलगी अमरावतीहून आली आणि दिवस मावळायच्या आत आम्ही तिला पोचवलं. सगळे परतले तरी मी सरणाकडे पाहत उभा होतो. इतके मुडदे उठवणारा माणूस मी. तिनं मास्तरांना दिलेलं उत्तर मी मागच्या दारी उभं राहून ऐकलं होतं, तरी पाहत होतो. काही हललं नाही. रहीमभाईनं हाताला धरून घरी आणलं.

सकाळी मी टोपी घातली. मुलगी म्हणाली, “बाबा, आज कुठं निंगाले?”

“कामावर.”

“लोक काय म्हनतीन?”

“म्हनू दे.”

फाटकापाशी कवडीवाल्या बायका भोंग्याची वाट पाहत बसल्या होत्या. मला पाहून सुभद्रा नावाची एक बाई जागा द्यायला सरकली. मी माझ्या स्टुलावर न बसता तिथं खाली, त्यांच्यात बसलो. बसल्या बसल्या मीच गोष्ट सुरू केली. या वेळी उंबऱ्याच्या आतून. सून चुलीपुढं बसली, म्हटलं, आणि तिनं तव्यावर भाकर टाकली.

“मामाजी,” सुभद्रा नाक पुसत म्हणाली, “पीठ कवा मळलं? भाकर काय आभायातून पडली?”

बायका हसल्या आणि हसता हसता रडल्या. मी म्हटलं, चुकलं. मुडद्याला बाहेर थांब म्हटलं आणि पीठ मळायला घेतलं.