गुरुवारी बंद पडणारं ब्राझील

आमच्या कामात किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपण होऊन दारात येऊन बसतात. बारामतीत एका पंपाच्या दुकानाच्या वर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. कुणी विचारलं, काय काम करता, तर मी सांगते, "फुकट वाटायच्या मालाची राखण." लोक हसतात. पण काम खरंच तेवढंच आहे.

परदेशातल्या एका कंपनीनं हवामानाचं ॲप काढलं होतं. जगभरातल्या लोकांनी आपापल्या दारातून रोज कळवायचं: ऊन, ढग, वारा, पाऊस. जवळच्या दुसऱ्या कुणी ते वाचून 'खरं आहे' हे बटण दाबायचं. असं इमानानं कळवत राहिलेल्यांना कंपनी स्वतःचे क्रिप्टो टोकन वाटणार होती. म्हणजे बाजारात विकता येतील अशी कॉम्प्युटरमधली नाणी, फुकट! फुकट म्हटल्यावर खोटी खाती आलीच. एकेक पठ्ठ्या शंभर नावं लावून रांगेत उभा. खोटे हुडकायचे आणि खऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही, हे कंत्राट आमच्याकडे आलं. आम्ही तिघं. नितीनदादा मालक, इंदापूरचा इम्रान कॉम्प्युटरवर, आणि लोकांच्या तक्रारी वाचायला, फोन घ्यायला मी.

*

पहिल्याच आठवड्यात खालच्या पंपवाल्या तात्यांनी चौकशी केली. ऑफिसची जागा त्यांचीच, त्यामुळं त्यांना सगळं सांगावं लागतं. नितीनदादानं समजावून सांगितलं.

तात्या म्हणाले, "म्हंजी लग्नाची पंगत हाय. एकच माणूस टोपी बदलून तीनदा बसतोय का, ते तुमी बघायचं."

"बरोबर."

"आन वाढपी पण तुमीच. मग तुमी कवा जेवायचं?"

"आम्हाला नाही मिळत तात्या. काम करणाऱ्यांना टोकन घ्यायला बंदी आहे."

"मग मी हाय की. मला बसवा."

मी म्हटलं, "तात्या, त्यासाठी गेले कित्येक महिने रोज हवामान कळवायला पाहिजे होतं."

तात्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "ऊन हाय. घ्या लिहून."

*

आता ब्राझील. यादीत ब्राझील, केनिया, व्हिएतनाम असल्या देशांतली तीनशेच्या वर खाती होती. सगळी गुणी. रोज वेळेवर हवामान, एकमेकांना 'खरं आहे'. इम्रानला संशय होता, पण हाताला काही लागत नव्हतं. एवढंच दिसायचं, की ही सगळी खाती मधूनच एकदम गप्प होतात आणि एकदम बोलायला लागतात.

एका गुरुवारी सकाळी इम्रानच्या अम्मीचा इंदापूरहून फोन आला. लाईट गेली, मोटर लागत नाही, येताना पाण्याचा जार आण. तिकडं गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, त्यात नवं काही नाही. इम्रान "हां अम्मी, हां अम्मी" करत स्क्रीनकडं बघत होता. बोलता बोलता थांबला.

"अम्मी, किती वाजता गेली?"

मग आमच्याकडं वळून म्हणाला, "दादा, ब्राझीलमधी पण आत्ताच गेली."

त्यानं मागचे गुरुवार काढले. दर गुरुवारी तीन खंड एकदम मुके! पण नितीनदादा म्हणाला, योगायोग असेल, खात्री पाहिजे. मग इम्राननं अम्मीला कामाला लावलं. अवेळी लाईट गेली की फोन करायचा, आली की परत करायचा. दोन दिवसांनी भर दुपारी फोन वाजला. "गेली रे." आम्ही तिघं स्क्रीनवर वाकलो. ब्राझील गेलं. केनिया गेला. बऱ्याच वेळानं परत फोन. "आली." एक खातं जागं झालं, मग दहा, मग सगळा व्हिएतनाम! नितीनदादानं टेबलावर अशी थाप मारली की खालून तात्या ओरडले, "काय पडलं?"

इंदापुरात, अम्मींच्याच लाईनवर, कुणीतरी फळ्यांवर फोन मांडून, ठिकाणं खोटी दाखवून जग चालवत होता. वायफाय गेलं की जग बंद.

*

खाती बाद केल्यावर तक्रारींचा पाऊस माझ्या टेबलावर. नियमानं प्रत्येकाला दाद मागता येते. तीनशे तक्रारी, सगळ्या इंग्रजीत, सगळ्यांत एकच वाक्य, स्पेलिंगची चूकसुद्धा तीच. मी प्रत्येक तक्रारीला तेच उत्तर पाठवत गेले. बिचारा दमला असावा. संध्याकाळी रिओ शहरातल्या एका खात्यावरून मेसेज आला, मराठीत.

"ओ मॅडम, बघा की जरा."

मी लिहिलं, "रिओत सगळे बरे आहेत ना?"

क्षणभरात उत्तर आलं. "व्हय. आत्ताच लाईट आली."

त्यानंतर रिओकडून काही आलं नाही.

*

कंपनीनं धसका घेतला आणि खरा माणूस ओळखायला व्हिडिओची परीक्षा घातली. मोबाईलसमोर बसायचं, डोळे मिचकावायचे, मान डावीकडं वळवायची, उजवीकडं वळवायची. बाकी यंत्र ठरवणार.

भवानीनगरला साखर कारखान्यातून रिटायर झालेले एक आबा होते. हवामान कळवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. पण मानेचं दुखणं, गळ्याला पट्टा. मान वळवा म्हटलं की ते आख्खी खुर्ची वळवायचे. कॅमेऱ्याला दिसायचं एकदा कान, एकदा टक्कल. यंत्रानं तीनदा नापास केलं आणि स्क्रीनवर शेरा दिला, 'खरी व्यक्ती आढळली नाही'.

आबांचा फोन आला. आवाज अगदी शांत.

"ताई, मी माणूस न्हाय असं तुमच्या कंपनीचं म्हणणं हाय."

"आबा, ते यंत्राचं..."

"तक्रार न्हाय माझी. फकस्त शिक्का मारून तसं लिहून द्या. आमची मंडळी लग्नापासनं हेच म्हणतीय. फ्रेम करून तिला देतो."

मी फोन बाजूला धरून हसले आणि मग दादाला दिला. दादानं दोन मिनिटं बोलून त्यांना स्वतःच्या सहीनं पास केलं.

*

हसू तिथंच संपलं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ॲनाबाईंचा फोन आला. ब्राझीलवाला इंदापूरचा निघाला, तर त्या भागावर विश्वासच नको. बारामती-इंदापूरचा सगळा पट्टा काढून टाका. इम्रानचं तोंड उतरलं. एका चोरट्यापायी शेकडो खरी माणसं ताटावरून उठणार. नितीनदादानं गयावया करून दोन दिवस मागून घेतले आणि आम्ही गाडी काढली.

पहिलं गाव बावडा. तिथल्या दहाबारा बायकांची खाती एकाच वायफायवरून चालायची, म्हणून यंत्रानं त्यांना एकच माणूस ठरवलं होतं. जाऊन बघतो तर शिवणक्लास. क्लास चालवणाऱ्या शालनताईंकडं नेट होतं, बाकीच्या तिथं शिवायला यायच्या, तिथूनच हवामान कळवायच्या. दादानं ॲनाबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्या म्हणाल्या, काल काय हवा होती, ते प्रत्येकीला विचारा.

शालनताई म्हणाल्या, "काल वळीव पडला. चांगला."

मशीनवरची बाई म्हणाली, "कुठं पडला? आमच्या आळीत थेंब न्हाय."

"तुमच्या आळीत न्हाय, आमच्यात पडला."

रुक्साना नावाची मुलगी म्हणाली, "शिंतोडे होते ओ ताई. माझे कपडे पण वाळले त्यात."

"तुझे वाळले, माझी ज्वारी भिजली की!"

इम्रान एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होता, पण वेग असा वाढला की त्यानं हात टेकले. ॲनाबाई आधी गंभीरपणे ऐकत होत्या, मग गाल धरून हसायला लागल्या. ब्राझीलच्या तीनशे खात्यांत कधी एवढासाही मतभेद झाला नव्हता. त्या म्हणाल्या, "पट्टा काढू नका. एकेक तपासा, तुमच्या शब्दावर घेते."

गाडीत बसल्यावर इम्राननं इतक्या जोरात शिट्टी मारली, की रस्त्यावरची शेळी बिथरली.

*

मग दोन दिवस नुसती पळापळ. भवानीनगर, इंदापूर, वाड्या, वस्त्या. माणसं दारात उभी, आम्ही बोलतोय, दादा पास करतोय. भूक नाही, तहान नाही, एक झिंग होती. शेवटी एकच जोडी उरली.

इंदापूरच्या पुढं एका वस्तीवरची दोन खाती. रोज हवामान कळवायची, आणि रोज एकमेकांनाच 'खरं आहे' द्यायची. तिसऱ्या कुणाला कधी नाही. आमच्या कामात ही खोट्याची पक्की खूण. एकच माणूस, दोन फोन. इम्रान म्हणाला, "दादा, हे बाद."

जाऊन बघितलं तर खरोखर दोन माणसं, दोन घरं. सख्खे भाऊ. दोघांच्या डाळिंबाच्या बागा शेजारी, मधे बांध. थोरले अण्णा ओट्यावर बसले होते.

मी विचारलं, "शेजारचं खातं कुणाचं?"

"धाकट्याचं. आमी बोलत न्हाय."

"कधीपासून?"

"वडील गेल्यापासनं. बांधावरनं झालं."

"पण तुम्ही रोज त्यांच्या हवामानाला 'खरं आहे' देता. एक दिवस चुकलेला नाही."

अण्णा म्हणाले, "पाऊस पडला तर पडला म्हणायला बोलावं लागतं व्हय?"

मी धाकट्याकडं गेले. तेच विचारलं. तो फवारणीचा पंप धूत होता. म्हणाला, "ढग आलं की त्याच्या बागंवर पण येत्यात. खोटं कशाला म्हणू?"

ॲनाबाईंना दोघं एकाच चौकटीत, थेट व्हिडिओवर, पाहिजे होते. त्याशिवाय दोन माणसं म्हणून मान्य होणार नव्हतं. कसंबसं दोघांना बांधापाशी आणलं. अण्णा बांधाच्या अलीकडं, धाकटा पलीकडं, दोघांची नजर इम्रानच्या मोबाईलवर. इम्रान मागं सरकला, आणखी मागं सरकला, पाठीला डाळिंबाचे काटे लागले, तरी दोघं मावेनात. एक आला की दुसरा जायचा.

अण्णा मोबाईलकडंच बघत म्हणाले, "त्याला म्हणावं, जरा अलीकडं सरक."

इम्राननं सांगायला तोंड उघडलं, तोवर धाकटा बांधावर चढला होता.