हरळीचा पंधरवडा

लग्नाआधी मी हरळी उपटत होते, लग्नानंतर सरकारी हुकमानं ती वाढवायला लागले. माझं माहेर झरीचं, काळ्या रानाचं. तिथं हरळी शेतात शिरली की माणूस बेजार. वडील कुदळीनं हातभर खोल खणून तिच्या मुळ्या काढायचे, बांधावर वाळवायचे आणि जाळायचे. नवरा बोरीजवळच्या एका विश्रामगृहात खानसामा होता. तिथली माळ्याची जागा रिकामी होती, म्हणून मला रोजंदारीवर घेतलं. कामावर गेले तर समोरचं ते लॉन म्हणजे आमची हरळीच निघाली. तिला मान मात्र आमदाराचा होता.

नामांतराच्या आंदोलनाची वर्षं होती. बंद पुकारला की वाटेत अडकलेले सगळे अधिकारी आमच्याकडे येऊन पडायचे. खुर्च्या लॉनवर, चहा लॉनवर, जीपही लॉनवर. त्यांच्या बुडाच्या वजनानं माती दगडासारखी झाली. पाणी घातलं तर वरच्या वर वाहून जायचं. मधे मधे टक्कल पडलं.

तेवढ्यात एक तरुण इंजिनिअर साहेब पुण्याकडून बदलून आले. माणसांशी बोलताना ते अडखळायचे, गवताचं काढलं की थांबायचे नाहीत. गुडघ्यावर बसून त्यांनी माती ठोकून पाहिली.

"हिला श्वास घेता येत नाहीये," ते म्हणाले.

"मंग दवाखान्यात न्या म्हणावं," नवरा माझ्या कानात म्हणाला.

साहेबांनी लोहाराकडून पोकळ नळ्यांचे दात असलेलं एक अवजार करून घेतलं. जमीन थोडी भिजवायची, त्यावर पाय देऊन ते रोवायचं आणि उपसायचं. दर वेळी बोटाएवढे मातीचे तुकडे बाहेर यायचे. मी आणि नवरा तीन दिवस त्या लॉनवर नाचलो. काम संपलं तेव्हा पोट बिघडलेला मेंढरांचा कळप तिथं मुक्काम करून गेल्यासारखं दिसत होतं. मी झाडू घेऊन निघाले, तर साहेब धावत आले.

"उचलू नका! तुकडे वाळू द्या, मग फोडून तिथंच पसरा. खरी काळजी आता घ्यायचीय."

"झाडायचं न्हाई, तर मी माळीन कशाची?"

साहेबांनी काळजी वहीत लिहूनच आणली होती. चाळलेली वाळू आणि कुजलेलं खत मिसळून झाडूनं भोकांत ढकलायचं. सकाळ-संध्याकाळ झारीनं हलकं पाणी. आणि पंधरा दिवस कुणी पाय ठेवायचा नाही, कारण ओल्या काळ्या मातीवर पाय पडला की भोक मिटलं, मेहनत वाया.

मेंढरं पाळणारी एक बाई पलीकडच्या माळावर राहायची. तिनं वर्षभर कुजलेलं लेंडीखत दिलं, पण कशाला हवंय ते ऐकून तोंडाला पदर लावला. "हरळीला खत? तुमच्या सायबाला घरी कुनी हाय का न्हाई?" खत चाळायला चाळण नव्हती, म्हणून मी नवऱ्याची पिठाची चाळण नेली. धुऊन परत खुंटीला अडकवली. त्याला सांगितलं नाही. त्या आठवड्यात पाहुण्यांनी पोळ्यांची तारीफ केली.

पाचव्या दिवशी वडील भेटायला आले. मी आत चहा टाकत होते. बाहेर आले तर म्हातारा लॉनमधे उकिडवा बसलेला आणि त्याच्या मुठीत मुळासकट हरळीची जुडी.

"दादा! काय करायलात?"

"तुज्या दारात हरळी माजलीय, पोरी. ध्यान कुठं हाय तुजं?"

"ती पोसायचाच पगार हाय मला!"

वडिलांनी जुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग जुडी हळूच खाली ठेवली आणि चहा न पिता ओसरीवर बसून राहिले. मला हसू येत होतं आणि कुठंतरी लाजही वाटत होती. तेवढी हरळी मी परत लावली.

दहाव्या दिवशी एक पुढारी आले. दोन जीपगाड्या आणि पंधरा-वीस माणसं. उतरल्या उतरल्या कार्यकर्त्यांनी खुर्च्या लॉनकडे उचलल्या. मी साहेबांकडे पाहिलं, तर ते न्हाणीघरात शिरून कडी लावत होते. मग मीच झारी घेऊन आडवी उभी राहिले.

"इथं बसता येणार न्हाई."

"कुणाला सांगायलीस, समजतं का?" एक कार्यकर्ता ओरडला.

पुढारी पुढं आले. "का गं बाई? काय झालं?"

"सायेब, गवताला सुया टोचल्यात. पंधरा दिवस आराम सांगितलाय."

कुणी हसलं नाही, कारण पुढारी हसले नव्हते. त्यांनी वाकून भोकं पाहिली. बराच वेळ पाहिली. "मलाबी डाक्टरनं आरामच सांगितलाय," ते म्हणाले, "पन माज्या दारात असं उभं ऱ्हानारं कुनी न्हाई." मग ते वळले आणि व्हरांड्यात जाऊन बसले. त्यांच्यामागं सगळे. पानाच्या पिचकाऱ्या त्यांनी व्हरांड्याच्या कठड्यावर मारल्या. तो माझ्या खात्यात नव्हता.

जीपगाड्यांचा आवाज विरल्यावर न्हाणीघराची कडी निघाली. "पोट जरा..." साहेब म्हणाले. मी झारी भरायला निघाले.

पंधरवडा संपता संपता भोकाभोकांतून पाती वर आली. महिन्याभरात टक्कल बुजलं, आणि लॉन असं दाट झालं की बोट घातलं तर माती लागेना. पाणी टाकलं की लगेच पिऊन टाकायचं. वरचे मोठे साहेब पाहणीला आले तेव्हा आमच्या साहेबांची पाठ थोपटली गेली. मी त्या वेळी मागच्या बाजूला पाहुण्यांच्या चादरी वाळत घालत होते, मला कुणी बोलावलं नाही.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी विश्रामगृहात एकही पाहुणा नव्हता. मी चपला काढल्या, लॉनच्या मधोमध गेले आणि हातपाय पसरून उताणी पडले. पाठीला गार लागत होतं. आयुष्यात गवतावर नुसती पडले, अशी ती पहिलीच वेळ.

नवरा स्वयंपाकघरातून धावत आला. "अगं ऊठ! कुनी बघंल."

"बघू दे," मी म्हणाले. "तूबी ये."

त्यानं दोन्हीकडं पाहिलं, हातातलं उलथणं कठड्यावर ठेवलं, आणि आला.